एप्रिलमध्ये नसलेलं बजेट राजीनाम्यानंतर कुठून येतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत हल्लीची मुलं नोकऱ्या फार बदलतात, त्यांना धीर नाही, निष्ठा नाही असा एक लेख आला होता आणि मग आठवडाभर त्याच्यावर पत्रं येत राहिली. बहुतेक सगळी नारायण पेठेपासून निगडी प्राधिकरणापर्यंतच्या निवृत्त काकांची, की आम्ही एका कंपनीत पस्तीस वर्षं काढली, घर बांधलं, मुलींची लग्नं केली, कधी दुसरीकडे साधा अर्ज केला नाही वगैरे वगैरे. वाचून वाचून शेवटी राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं तर माझी बडबड कापा, आकडे तेवढे ठेवा.

मी भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यातही पेरोल माझ्याकडे. म्हणजे दर महिन्याला सगळ्यांच्या पगाराची शीट माझ्या स्क्रीनवर असते, कोणाला किती वाढ मिळाली, कोण सोडून चाललाय, त्याचा फुल अँड फायनल म्हणजे सोडतानाचा शेवटचा हिशोब किती निघतोय, सगळं. आणि एवढं दिसत असून तोंड बंद ठेवायचं हे पण कामातच येतं. तेव्हा नाव छापू नका, नोकरी अजून तिथेच आहे.

आधी त्या काकांबद्दल. आमचे बाबा पण त्यांच्यातलेच, पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पण ते टिकले कशाच्या जोरावर हे मला चांगलं आठवतंय, तिथे युनियन होती. दर तीन-साडेतीन वर्षांनी करार व्हायचा, गेटवर सभा, मागण्यांची यादी, मॅनेजमेंट ताणून धरणार, युनियन त्याहून ताणणार, महिनोन् महिने चालायचं, आणि एकदाचा करार झाला की थकबाकीसकट पैसे हातात, आमच्या घरातला पहिला फ्रिज थकबाकीतूनच आला. शिवाय महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला, पॉइंट वाढले की भत्ता वाढला, कोणाच्या केबिनबाहेर उभं राहायची गरज नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना आजही वर्षातून दोनदा डीए वाढून मिळतो, जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. मग टिकतील नाहीतर काय करतील हो? हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात किंवा आमच्यासारख्या छोट्या कंपनीत स्टाफमध्ये बसलेल्या माणसाला ना युनियन, ना करार, ना निर्देशांक. त्याच्या वतीने भांडणारं कोणी नाही, त्याने दुसरीकडची ऑफर आणली तर तोच त्याचा करार, आणि तो त्याने एकट्याने करायचा. त्याला निष्ठा शिकवणाऱ्यांनी आधी त्याची सॅलरी स्लिप बघावी एवढंच म्हणणं आहे.

आता आकडे. सरकारचा जो किरकोळ महागाईचा निर्देशांक २०१२ साली १०० धरलेला होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये १९५ च्या वर होता. म्हणजे बारा वर्षांत जवळजवळ दुप्पट, वर्षाला साधारण पावणेसहा टक्के. २०१२ साली ज्याला महिना तीस हजार मिळत होते त्याला २०२४ अखेर साडेअठ्ठावन्न हजार मिळत असतील तर तो होता तिथेच आहे, वाढ शून्य. दर वर्षी पाच टक्के वाढ मिळाली असेल तर बारा वर्षांनी होतात चौपन्न हजाराला शंभर कमी, चार टक्के असेल तर अठ्ठेचाळीस, आणि तीन टक्के असेल तर बेचाळीस हजार आठशे. हा शेवटचा माणूस दर एप्रिलला घरी जाऊन सांगत असतो की पगार वाढला, आणि बायको विचारते मग महिनाअखेर ओढाताण का होते, तर दोघंही खरं बोलतायत. पगार वाढला पण आणि घटला पण. यात पुण्याचं घरभाडं, शाळेच्या फिया, हॉस्पिटलं धरली तर चित्र अजून वाईट होईल, कारण निर्देशांक देशभराचा आहे, वाकड-बाणेरचा नाही. आणि ज्या आयटीचं एवढं कौतुक चालतं तिथे मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज दहा-पंधरा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख होतं, ते अजून साडेतीनच्या आसपास घुटमळतंय. त्या मुलांची सुरुवातच मागे सरकलेली आहे.

आता माझ्या शीटमधली गंमत सांगते, आकडे जरा बदलून. शीट डिपार्टमेंटप्रमाणे लावलेली असते त्यामुळे डिझाइनची दोन नावं एकाखाली एक येतात. वरचा माणूस अकरा वर्षं जुना, पगार सेहेचाळीस हजार. खालचा दोन वर्षांपूर्वी आला, पद तेच, काम तेच, पगार एकसष्ट हजार. आणि नवीन आलेल्याला आमच्या कस्टमरची ड्रॉइंग कशी वाचायची, कुठल्या टॉलरन्सवर म्हणजे मापातल्या किती फरकावर ते लोक हमखास माल परत पाठवतात, हे सगळं वरच्यानेच शिकवलं. वरच्याला हे माहीत नाही. दर महिन्याला त्या दोन ओळी बघताना मला कसंतरी होतं, पण करणार काय.

यात कोणी दुष्ट आहे असं पण नाही. हे होतं कसं ते सांगते कारण बऱ्याच लोकांना कळतच नाही. जुन्या माणसाची वाढ ही त्याच्या जुन्या पगारावर टक्क्यांनी होते, आणि ते टक्के सगळ्यांसाठी मिळून वर्षाच्या सुरुवातीला ठरलेले असतात, त्या पातेल्यातून सगळ्यांना वाढायचं. मोठ्या कंपन्यांत वर बेल कर्व पण असतो, म्हणजे टीममधले दहाच्या दहा लोक चांगले असले तरी दहाही जणांना चांगलं रेटिंग देता येत नाही, मॅनेजरने कोणालातरी खाली बसवायचंच. नवीन माणूस मात्र बाजारभावाने येतो, त्याचे पैसे वेगळ्या खात्यातून येतात आणि जागा रिकामी राहिली तर ऑर्डर अडकते म्हणून तिथे घासाघीस कमी. त्यामुळे आठ-दहा वर्षं एका जागी राहिलेला माणूस आपोआप स्वस्त होत जातो. त्याला कोणी कमी लेखत नसतं, उलट सगळे म्हणतात याच्याशिवाय डिपार्टमेंट चालत नाही, आणि पगाराच्या वेळेला वाटाण्याच्या अक्षता.

आणि 'बजेट नाही' याच्याबद्दल तर बोलायलाच नको. एप्रिलमध्ये ज्याला सांगितलं की यंदा ऑर्डरी कमी आहेत, समजून घे, पुढच्या वर्षी नक्की बघू, त्याने जूनमध्ये राजीनाम्याचा मेल टाकला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे त्याचं रिव्हिजन लेटर, म्हणजे पगारवाढीचं पत्र, टाइप करायला येतं, ते पण एक एप्रिलपासून लागू, एरिअर्ससकट! दोन महिन्यांत अशी कुठली मोठी ऑर्डर आली ते मला तरी बुकात दिसत नाही. म्हणजे पैसे होते, मागणारा थांबेल असा हिशोब होता. माझं स्वतःचं मत विचाराल तर असं राजीनाम्यानंतर दिलेल्या वाढीवर, काउंटर ऑफरवर, थांबू नये, अगदीच घरची अडचण असेल तर गोष्ट वेगळी. थांबलेले बरेच जण वर्ष-दीड वर्षात गेलेच आणि तोपर्यंत पुढच्या एप्रिलला त्यांना हेच ऐकावं लागलं की तुला तर मध्येच दिलं ना.

आता कोणी म्हणेल ही बाई सगळ्यांना राजीनामे द्यायला सांगतीये. तर तसं नाही, कारण माझ्याकडे दुसऱ्या बाजूचे कागद पण येतात. परवा आमचा भाचा आला, हिंजवडीत फेज टूला आहे, खराडीची ऑफर घेऊन आला, मावशी तीस टक्के हाईक मिळाला, पार्टी. म्हटलं पार्टी नंतर, ऑफर लेटर काढ. जुना सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आठ लाख, नवीन दहा लाख चाळीस हजार, बरोबर तीस टक्के. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. नवीन ऑफरमध्ये सव्वा लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं टार्गेट झालं, याचं रेटिंग चांगलं आलं तर वर्षाच्या शेवटी मिळणार, ते आत्ता धरायचे नाहीत. बेसिक म्हणजे मूळ पगार निम्म्यावर, पाच लाख वीस हजार, तर कंपनीचा बारा टक्के पीएफ बासष्ट हजार चारशे, तो पण सीटीसीतच घातलेला. वर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, पंचवीस हजार, ती पण सीटीसीत, आणि ती मिळणार पाच वर्षं राहिला तर! राहिले आठ लाख सत्तावीस हजार, त्यातून याचा स्वतःचा पीएफ परत बासष्ट हजार चारशे, प्रोफेशनल टॅक्सचे अडीच हजार, हातात महिना साधारण त्रेसष्ट हजार पाचशे. जुन्या कंपनीत बेसिक चाळीस टक्केच होतं, व्हेरिएबल नाही, ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवत नव्हते, तर तिथे हातात येत होते साठ हजार. तीस टक्क्यांची वाढ, हातात साडेतीन हजार. इन्कम टॅक्स नवीन पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंत पगारदाराला शून्यच आहे त्यामुळे तो दोन्हीकडे धरला नाही.

पोरगं गप्पच झालं. पीएफ जास्त कापला जाणार तो त्याचाच आहे, दोन्ही बाजूंचा मिळून वर्षाला अठ्ठेचाळीस हजार जास्त जमा होणार, सव्वाआठ टक्के व्याजाने, ते काही वाईट नाही. पण राहायला चिंचवडला आणि ऑफिस खराडीला, रोज जाऊन येऊन पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाणायची, पुण्यात पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे त्या साडेतीन हजारातले दोन-अडीच हजार तिथेच जळणार, आणि कंबरेचं काय ते वेगळं. मग त्याने काय केलं, एचआरला मेल टाकला की व्हेरिएबलमधले निम्मे फिक्समध्ये टाका आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम लिहून द्या. दोन्ही मिळालं, एका मेलवर. हातात महिना पाच हजार अजून वाढले. विचारलं नसतं तर कोणी स्वतःहून थोडंच दिलं असतं! आता गेलाय तिकडे, खूश आहे.

ते बेसिक निम्म्यावर का आलं ते पण सांगते, कारण यापुढे सगळ्यांच्याच ऑफर अशा दिसणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन श्रम संहिता लागू झाल्या, त्यात 'वेतन' म्हणून एकूण मोबदल्याचा निम्मा भाग तरी धरायचाच असं आहे. आधी कंपन्या बेसिक तीस-पस्तीस टक्के ठेवून बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये ढकलायच्या म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसते. आता ते जमणार नाही, त्यामुळे त्याच सीटीसीत हातात थोडं कमी येऊ शकतं पण ग्रॅच्युइटी मोठी होते.

आणि ग्रॅच्युइटी म्हटलं की माझा जीव तुटतो, कारण लोक ती अक्षरशः काही महिन्यांसाठी सोडून जातात. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाच वर्षांचा वाढदिवस जवळ आलाय हे राजीनामा टाकताना कोणी बघत नाही. हिशोब सोपा आहे, शेवटचं महिन्याचं 'वेतन' म्हणजे मुख्यतः बेसिक आणि डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. बेसिक पंचवीस हजार असेल तर पाच वर्षांचे बहात्तर हजार होतात. साडेचार वर्षांनी गेलात तर शून्य. पाचवं वर्ष २४० दिवस भरलं तर पूर्ण धरावं असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, काही कंपन्या तो मानतात, काही म्हणतात कोर्टात जा, तेव्हा त्याच्यावर विसंबण्यापेक्षा पाच वर्षं भरून जाणं सोपं. आणि पाच वर्षांच्या पुढे अजून एक बारीक गोष्ट, शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. नऊ वर्षं पाच महिन्यांनी गेलात तर नऊ वर्षांचे पैसे, नऊ वर्षं सात महिन्यांनी गेलात तर दहाचे. नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांचा असतो, तारीख जरा पुढे-मागे करून एवढं बसवता येतं, नवीन कंपनीला सांगायचं की पंधरा दिवस उशिरा येतो, खरोखर हवे असाल तर थांबतात. पीएफ मात्र काढून खाऊ नका, ट्रान्सफर करा, पेन्शनसाठी दहा वर्षं भरावी लागतात आणि पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स पण लागतो.

अजून एक गोष्ट जी पंचविशीतल्या मुलांच्या डोक्यात नसते आणि चाळिशीतल्यांना रात्री झोप लागू देत नाही, ती म्हणजे आई-वडिलांचा मेडिक्लेम. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याच ठिकाणी आई-वडील पण असतात आणि जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलात तर सत्तरीच्या माणसाला डायबेटीस-बीपी असताना प्रीमियम ऐकून चक्कर येते आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. नवीन कंपनी आई-वडिलांना घेते का, की फक्त नवरा-बायको-मुलं, हे एचआरला विचारायला लोक लाजतात. का लाजतात देव जाणे. ज्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे तो वीस टक्के कमी पगारावर जुन्या जागी बसलाय तर तो घाबरट नाही, त्याने हिशोब केलाय. आमच्या ऑफिसातही असे आहेत आणि त्यांना 'तू काय इथेच चिकटून' असं म्हणणाऱ्यांचा मला त्या काकांपेक्षा जास्त राग येतो.

बाजाराचं वारं पण बघावं लागतं. २०२२ च्या मध्यावर इन्फोसिसचा सोडून जाणाऱ्यांचा दर २८ टक्क्यांच्या वर गेला होता, टीसीएसचा पण त्याच वर्षी २१ च्या वर, कोणीही उठावं आणि पगार दीडपट-दुप्पट करून घ्यावा असे ते दिवस होते. दोन वर्षांत तेच आकडे बारा-तेरा टक्क्यांवर आले. म्हणजे लोकांची निष्ठा एकाएकी वाढली का? दारं बंद झाली म्हणून बसले बिचारे आत. त्याच २०२२ च्या बॅचच्या किती मुलांना ऑफर लेटर खिशात असून जॉइनिंगसाठी दोन-दोन वर्षं थांबावं लागलं हे तुमच्याच पेपरात आलं होतं, आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात वर्षानुवर्षं राहिलेले सीनियर पण आले. तेव्हा नुसता राग आला म्हणून हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, दुसरीकडचं पक्कं पत्र, जॉइनिंगची तारीख हातात आल्याशिवाय इकडे कागद टाकू नये. आणि तारीख मिळाल्यावर मग इथल्या लोकांना वाईट वाटेल म्हणून रडत बसू नये. तुमचा फुल अँड फायनल दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं नवीन संहितेत लिहिलंय, प्रत्यक्षात अजून दीड-दीड महिना लागतो, तिथे कोणाला वाईट वाटत नाही.

जाता जाता, अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असं छापलेलं असतं त्याला घाबरून बसलेले लोक मी पाहिलेत. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम अशा बंधनांना मानत नाही. ट्रेनिंगचा किंवा किमान अमुक वर्षं राहण्याचा बाँड मात्र वेगळी गोष्ट आहे, तो वाचून सही करा, कारण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवलाय.

हे सगळं स्टाफचं झालं. चाकण, तळेगाव, रांजणगावला कॉन्ट्रॅक्टवर जी पोरं आहेत, मराठवाड्यातून आलेली, एका खोलीत सहा-सहा राहणारी, त्यांची सलग नोकरी धरली जाऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत त्यांना ब्रेक देतात, ती काय नोकरी सोडणार, नोकरीच त्यांना दर सात महिन्यांनी सोडते. त्यांच्याबद्दल निष्ठेचा लेख अजून कोणी लिहिलेला नाही. तो खरं तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

माझं म्हणणं एवढंच की राहायचं की जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवायला माणसाला आपला भाव माहीत पाहिजे, आणि तोच कोणाला माहीत नसतो. माझ्या शीटमधल्या त्या वरच्या माणसाला राहायचं असेलही, घर जवळ आहे, मालक सुट्टी द्यायला कुरकुर करत नाही, पोरगी दहावीला आहे, तो एकसष्ट हजार कळल्यावरही कदाचित म्हणेल की असू दे. पण निदान कळल्यावर म्हणेल, आणि एप्रिलला केबिनमध्ये जाताना नुसतं 'सर बघा काहीतरी' म्हणण्यापेक्षा आकडा घेऊन जाईल. म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, जायचं नसलं तरी वर्षातून एकदा दुसरीकडे एखादा इंटरव्ह्यू द्या. आणि मित्रांमध्ये पगार सांगायला शिका. आपल्याकडे माणूस फ्लॅट केवढ्याला घेतला ते लिफ्टमध्ये सांगतो, गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल सांगतो, पण पगार विचारला की 'चाललंय आपलं'. या चाललंय आपलंवर कंपन्यांचे दर वर्षी किती पैसे वाचतात ते मी मोजते.

आणि यात तुमचाही थोडा भाग आहे संपादकसाहेब. तुमच्या नोकरीविषयक जाहिराती मी नियमित वाचते, 'आकर्षक पगार', 'पगार योग्यतेनुसार', 'पगार मुलाखतीत ठरेल'. अनुभव किती पाहिजे ते आकड्यात, वय आकड्यात, पदं किती ते आकड्यात, टू-व्हीलर आवश्यक हे ठळक टायपात, आणि पगार तेवढा आकर्षक. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हे दोन आकडे दिल्याशिवाय जाहिरात घेणार नाही असं तुमच्या जाहिरात विभागाने ठरवलं तर पुण्यातल्या किती लोकांना घरबसल्या आपली किंमत कळेल बघा. जाहिराती थोड्या कमी होतील हे मला पण कळतं, तर मग आकडा देणाऱ्याला दरात सवलत द्या, सहा महिने करून बघा. आमच्या कंपनीची जाहिरात पण तुमच्याच पेपरात येते, तिच्यातही आकडा नसतो. ते बिल माझ्याच टेबलावरून पास होतं म्हणून माहीत आहे.

आपली,
एक वाचक, चिंचवड, पुणे ३३
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो फक्त तुमच्या माहितीसाठी)